घरच्या घरी अंडी उबवणे: खुडूक कोंबडी आणि इनक्युबेटर यांचा मेळ

कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू बाहेर येण्यास २१ दिवस लागतात आणि या काळात अंड्याला बाहेरून चारच गोष्टी लागतात: ठरावीक ऊब, ठरावीक ओलावा, खेळती हवा आणि वेळोवेळी कूस बदलणे. खुडूक कोंबडी, म्हणजे अंडी उबवण्यासाठी बसलेली कोंबडी, या चारही गोष्टी उपजत बुद्धीने पुरवते, तर इनक्युबेटरकडून, म्हणजे अंडी उबवण्याच्या यंत्राकडून, त्या आपल्याला करून घ्याव्या लागतात. ज्याने बसलेल्या कोंबडीचे वागणे नीट पाहिले आहे, त्याला यंत्रावरचा प्रत्येक आकडा कशासाठी आहे हे समजते आणि काही बिनसले तर ते कोठे बिनसले हेही शोधता येते. म्हणून परसात पाच-पंचवीस पक्षी पाळणाऱ्याने यंत्र की कोंबडी असा प्रश्नच मनात आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोघांनाही एकाच दिवशी कामाला लावावे, अंड्यांची संख्या यंत्राने वाहावी आणि जन्मलेल्या पिल्लांचा सांभाळ कोंबडीकडे सोपवावा. पुढील माहिती मुख्यतः गावरान कोंबडी आणि महाराष्ट्रातील हवामान समोर ठेवून दिली आहे.

अंडी कोणती घ्यावीत आणि कशी ठेवावीत

दुकानात ट्रेमधून मिळणारी पांढरी अंडी पिंजऱ्यातील लेअर (केवळ अंड्यांसाठी पाळलेल्या) कोंबड्यांची असतात. त्या पिंजऱ्यांत कोंबडा नसतो, त्यामुळे ती अंडी निर्बीज असतात आणि कितीही ऊब दिली तरी त्यांतून पिल्लू निघत नाही. आठवडी बाजारातील गावठी अंडी फलित असू शकतात, परंतु ती किती दिवसांची आहेत आणि किती वेळ उन्हात होती हे विकणाऱ्यालाही नक्की सांगता येत नाही. सर्वांत खात्रीची अंडी आपल्याच कळपातील किंवा ओळखीच्या कळपातील असतात, जेथे आठ ते दहा कोंबड्यांमागे एक निरोगी कोंबडा सोडलेला आहे. एखाद्या विशिष्ट कोंबड्याचीच पिल्ले हवी असतील, तर जुना कोंबडा वेगळा केल्यानंतर सुमारे तीन आठवडे थांबावे, कारण त्याचे बीज कोंबडीच्या शरीरात दोन ते तीन आठवडे टिकून राहते. वनराज, गिरिराज यांसारख्या सुधारित संकरित पक्ष्यांची अंडी उबतात, मात्र पुढच्या पिढीत आई-बापांचे वजन आणि अंड्यांचे प्रमाण तसेच उतरत नाही, हे आधीच लक्षात घ्यावे. राज्याच्या पशुसंवर्धन विभागाची पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आहेत. घरी चांगला कोंबडा नसेल, तर तेथे उबवणुकीच्या अंड्यांची चौकशी करावी.

अंडे मध्यम आकाराचे, एका बाजूला स्पष्ट निमुळते, तडा नसलेले आणि स्वच्छ असावे. फार लांबट, फार गोल, खरखरीत किंवा पातळ कवचाची अंडी खाण्यासाठी ठेवावीत. उबवायचे अंडे धुऊ नये. त्याच्या कवचावर एक नैसर्गिक लेप असतो आणि तो कवचातील हजारो छिद्रांतून जंतूंना आत शिरू देत नाही, पण पाण्याने तो निघून जातो. किंचित माती लागली असेल तर ती वाळल्यावर हलक्या हाताने खरवडावी आणि विष्ठेने माखलेले अंडे उबवणीसाठी घेऊच नये.

आपल्याकडे सर्वाधिक नुकसान साठवणुकीत होते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. सुमारे २१ अंश सेल्सियसच्या खाली अंड्यातील गर्भ निद्रिस्त असतो, पण २५ ते ३० अंशांच्या खोलीत तो अर्धवट जागा होतो, धड वाढतही नाही आणि धड थांबतही नाही, आणि असा गर्भ पुढे बहुधा पहिल्याच आठवड्यात मरतो. साठवणुकीसाठी १३ ते १८ अंश तापमान उत्तम असते. घरातील फ्रिज त्याहून बराच थंड असल्याने तो टाळावा. थंडीच्या दिवसांत देशावरील घराचा उत्तरेकडील कोपरा पुरेसा असतो. उन्हाळ्यात रुंद परातीत ओली वाळू पसरून तिच्यात कोरे मडके रोवावे, मडक्यात कोरडे भाताचे तूस घालून त्यावर अंडी ठेवावीत आणि मडक्याच्या तोंडाला ओले फडके बांधावे. पाणी उडून जाताना मडके गार राहते आणि अंडी कोरडी राहतात. कोकणातील दमट हवेत ही युक्ती फारशी चालत नाही, म्हणून तेथे अंडी तीन-चार दिवसांपेक्षा जास्त साठवू नयेत. इतरत्रही सात दिवस ही मर्यादा धरावी, कारण त्यानंतर पिल्ले निघण्याचे प्रमाण दिवसागणिक घटत जाते. साठवताना निमुळते टोक खाली असावे, म्हणजे रुंद टोकाकडील वायुकोष (आतली हवेची पोकळी) आपल्या जागी राहतो. एसटीतून किंवा मोटारसायकलवरून आणलेली अंडी याच स्थितीत १२ ते २४ तास स्थिर ठेवल्याशिवाय उबवायला लावू नयेत. त्याचप्रमाणे गार जागेतून काढलेल्या अंड्यांना काही तास खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे, नाहीतर उबदार यंत्रात जाताच कवचावर दव धरते आणि त्या ओलीतून जंतू आत ओढले जातात.

कोंबडी बसवणे

खुडूक झालेली कोंबडी ओळखणे अवघड नाही. ती अंडी घालणे थांबवते, घरट्यात दिवसभर बसून राहते, हात जवळ नेला की पिसे फुलवून घोगऱ्या आवाजात कुरकुरते व चोच मारते, आणि पोटाखालची पिसे उपटून कातडी उघडी करते, जेणेकरून अंगाची ऊब थेट अंड्याला मिळावी. तरीही एका दिवसाच्या लक्षणांवर विश्वास ठेवू नये. तिच्याखाली दोन-तीन खाण्याची अंडी ठेवून दोन-तीन रात्री ती जागची हलते का ते पाहावे, आणि त्या परीक्षेत टिकली तरच तिच्यावर चांगली अंडी सोपवावीत. पूर्वी पिल्ले वाढवलेली कोंबडी मिळाली तर नव्या तलंगेपेक्षा तिला पसंती द्यावी. गावरान आणि असील कोंबड्या चांगल्या बसतात, परंतु व्यापारी लेअर जातींतून पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने हा गुण जवळजवळ नाहीसा केला गेला आहे, त्यामुळे त्यांच्याकडून याची अपेक्षा धरू नये.

जागा शांत, अर्धवट अंधाराची आणि इतर कोंबड्यांपासून वेगळी असावी. इतर कोंबड्या त्याच टोपल्यात येऊन अंडी घालू लागल्या की आतली अंडी फुटतात आणि दिवसांचा हिशेब मोडतो. पसरट टोपल्यात किंवा जुन्या पाटीत तीन-चार बोटे कोरडी माती व राख घालून मध्ये उथळ खळगा करावा, त्यावर पेंढा अंथरावा आणि कडेने कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा. खळगा फार खोल झाला तर अंडी एकमेकांवर चढतात, आणि अगदी सपाट राहिला तर बाहेरच्या बाजूची अंडी उबेबाहेर घरंगळतात. मध्यम बांध्याच्या गावरान कोंबडीखाली १० ते १२ अंडी ठेवावीत, बारीक अंगाच्या कोंबडीला आठ-नऊच पुरेत. जास्त अंडी ठेवली तर दररोज वेगवेगळे अंडे कडेला जाऊन गारठते आणि शेवटी सर्वांचेच नुकसान होते.

कोंबडीला नव्या जागी हलवायचे असेल तर रात्री हलवावे आणि अंडीही रात्रीच, सर्व एकदम, तिच्याखाली सरकवावीत. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने खूण करावी, म्हणजे नंतर कोणी घातलेले अंडे लगेच ओळखू येते. पेनची शाई वापरू नये. बसलेली कोंबडी दिवसातून एकदा, साधारण वीस ते तीस मिनिटे, खाण्यापिण्यासाठी व विष्ठा टाकण्यासाठी उठते. तेव्हा तिला ज्वारी, मका किंवा बाजरी, स्वच्छ पाणी आणि लोळण्यासाठी कोरडी माती व राख जवळच मिळावी. काही कोंबड्या इतक्या निष्ठेने बसतात की आपणहून उठतच नाहीत. त्यांना रोज एकदा दोन्ही हातांनी हळुवार उचलून बाहेर ठेवावे, मात्र उचलण्यापूर्वी पंखाखाली अडकलेले अंडे मोकळे करून घ्यावे.

एखादी कोंबडी दहाव्या-बाराव्या दिवशी अचानक बसणे सोडते, तेव्हा बहुतेक वेळा दोष तिचा नसून रात्री टोपल्यातून बाहेर येणाऱ्या बारीक लाल किड्यांचा असतो. रात्री बॅटरी घेऊन टोपल्याच्या कडा आणि पेंढ्याचा तळ तपासावा, आणि किडे आढळल्यास पेंढा जाळून कोरडे, नवे अंथरूण द्यावे. साप, मुंगूस, मांजर आणि घूस यांच्यासाठी नुसते डालगे पुरेसे नाही. खुराड्याला अर्ध्या इंचाची लोखंडी जाळी हवी. गडगडाटाने अंडी नासतात या समजुतीने टोपल्यात लोखंडाचा तुकडा ठेवण्याची चाल काही ठिकाणी आहे. तुकडा ठेवण्यास हरकत नाही, परंतु पावसाळ्यात अंडी नासली तर आधी ओला पेंढा आणि बिथरून उठलेली कोंबडी यांकडे पाहावे.

यंत्राची ऊब

इनक्युबेटर दोन प्रकारचे असतात आणि त्यांचे आकडे सारखे नसतात, हे न कळल्यामुळे पुष्कळ अंडी वाया जातात. ज्या यंत्रात पंखा आहे तेथे सर्वत्र हवा सारखी तापते, म्हणून तापमान ३७.५ ते ३७.७ अंशांवर ठेवावे. पंखा नसलेल्या यंत्रात किंवा घरी बनवलेल्या थर्माकोलच्या पेटीत वरची हवा जास्त आणि खालची कमी तापते. तेथे थर्मामीटरचे टोक अंड्याच्या वरच्या पातळीला ठेवून ३८.३ ते ३८.८ अंश राखावेत. अर्धा अंश क्षुल्लक वाटतो, पण तो सतत जास्त राहिला तर पिल्ले दिवसभर आधी, बारीक आणि नाभी न भरलेली निघतात, आणि सतत कमी राहिला तर उशिरा, मोठ्या मऊ पोटाची व सुस्त निघतात.

स्वस्त यंत्राच्या पडद्यावरील आकड्यावर डोळे झाकून विसंबू नये. घरात ताप मोजण्याचा डिजिटल थर्मामीटर असतो आणि नेमक्या याच पट्ट्यात तो पुरेसा अचूक असतो. कोमट पाण्यात तो आणि यंत्राच्या संवेदकाजवळ ठेवायचा थर्मामीटर शेजारी शेजारी धरून फरक लिहून ठेवावा. अंडी ठेवण्यापूर्वी यंत्र किमान २४ तास रिकामे चालवून तापमान स्थिर झाल्याची खात्री करावी. यंत्र भिंतीला लागून, उन्हाच्या झोतात किंवा पंख्याखाली ठेवू नये.

कोंबडी चोचीने अंडी दिवसभर हलवत, फिरवत असते. त्यामुळे गर्भ कवचाच्या आतील पापुद्र्याला चिकटत नाही. यंत्रात हे काम आपोआप होत नसेल, तर अंड्याच्या एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढून दिवसातून किमान तीनदा, शक्य तर पाचदा, कूस बदलावी. ही संख्या विषम असावी, कारण रात्रीचा पल्ला लांब असतो आणि विषम संख्येमुळे एका रात्री वर असलेली बाजू दुसऱ्या रात्री खाली जाते. दर वेळी एकाच दिशेने फिरवत न राहता उलटसुलट फिरवावे. पहिला आठवडा या बाबतीत सर्वांत नाजूक असतो.

वीज जाणे ही आपल्याकडची नेहमीची अडचण आहे आणि तिची धास्ती गरजेपेक्षा जास्त घेतली जाते. कोंबडी रोज उठते तेव्हा अंडी थोडी गार होतातच. दोन-तीन तास वीज गेली तर झाकण बंद ठेवावे, हवेची छिद्रे मोकळी सोडून यंत्रावर गोधडी टाकावी, आणि त्याहून जास्त वेळ गेला तर कोमटाहून किंचित गरम पाण्याच्या बाटल्या अंड्यांना न टेकवता आत ठेवाव्यात. यामुळे पिल्ले काही तास उशिरा निघतील, पण बहुतेक वाचतील. शेवटच्या आठवड्यात गर्भ स्वतःही उष्णता निर्माण करतो आणि त्याला हवा जास्त लागते, म्हणून त्या काळात यंत्र गुंडाळून गुदमरवू नये. खरे भय थंडाव्यापेक्षा अति उष्णतेचे असते: ४० अंशांच्या वर काही तास गेले तर अंडी परत येत नाहीत. रात्रभर वीज येण्याची चिन्हे नसतील तेव्हा घरात खुडूक कोंबडी असण्याचा फायदा कळतो, कारण काही अंडी तिच्याखाली तात्पुरती सरकवता येतात.

ओलावा

उबवणीतील सर्वांत गैरसमजाची गोष्ट ओलावा ही आहे. यंत्रासोबतच्या पत्रकात पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के आर्द्रता राखावी असे छापलेले असते आणि ते बरोबर आहे. मात्र त्यासाठी यंत्रातील भांड्यात किती पाणी घालायचे हे पत्रक सांगू शकत नाही, कारण ते आपल्या गावच्या हवेवर अवलंबून असते. बाहेरची हवा यंत्रात जाऊन तापली की तिच्यातील पाणी तेवढेच राहते, पण आर्द्रतेची टक्केवारी झपाट्याने खाली येते. नगर किंवा सोलापूरकडे डिसेंबरात खोलीत २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा ३७.७ अंशांना तापवल्यावर आर्द्रता जेमतेम २२ टक्क्यांच्या आसपास उरते. म्हणजे तेथे पाण्याची दोन्ही भांडी भरूनही कमी पडू शकते. उलट जुलै महिन्यात रत्नागिरीत २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असलेली हवा यंत्रात गेल्यावर पाण्याचा थेंबही न घालता ४९ टक्क्यांच्या जवळ राहते. पत्रक पाहून अशा वेळी भांडे भरले की आर्द्रता फार चढते, अंड्यातील पाणी बाहेर पडत नाही, वायुकोष लहान राहतो आणि पूर्ण वाढलेले पिल्लू शेवटच्या दिवशी चिकट द्रवात गुदमरून मरते. पावसाळ्यात न फुटलेली अंडी फोडून पाहिल्यावर पूर्ण पिल्लू मेलेले आढळते, तेव्हा दोष बहुधा हाच असतो.

आर्द्रतामापकाची परीक्षा घरी करता येते. लहान वाटीत मीठ घेऊन ते फक्त ओलसर होईल इतकेच पाणी घालावे, वाटी आणि मापक घट्ट झाकणाच्या डब्यात सात-आठ तास ठेवावेत. डब्यातील आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापकावर वेगळा आकडा दिसला तर तो फरक कायम लक्षात ठेवून वाचन करावे.

मापकापेक्षाही भरवशाची साक्ष खुद्द अंड्याच्या वजनाची असते. सुरुवातीपासून अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन साधारण १२ ते १३ टक्क्यांनी घटले पाहिजे, कारण तेवढे पाणी छिद्रांतून बाहेर गेले तरच वायुकोष पिल्लाच्या पहिल्या श्वासाला पुरेल इतका मोठा होतो. सरासरी ४० ग्रॅमची दहा गावरान अंडी वेगळी खूण करून स्वयंपाकघरातील काट्यावर एकत्र तोलावीत. पहिल्या दिवशी वजन ४०० ग्रॅम असेल, तर सातव्या दिवशी ते ३८१ च्या आसपास, चौदाव्या दिवशी ३६१ च्या आसपास आणि अठराव्या दिवशी ३५० च्या आसपास यावे. वजन यापेक्षा जास्त राहिले तर पाणी कमी करावे व हवेची छिद्रे अधिक उघडावीत, कमी झाले तर पाणी वाढवावे. निर्बीज म्हणून एखादे अंडे मध्येच काढले तर हिशेबातून त्याचे वजन वजा करण्यास विसरू नये. पाण्याच्या खोलीपेक्षा त्याचा उघडा पृष्ठभाग महत्त्वाचा असतो, म्हणून आर्द्रता वाढवायची तेव्हा खोल भांड्याऐवजी पसरट भांडे किंवा पाण्यात बुडवलेला स्पंज ठेवावा.

याच कारणाने ऋतूची निवडही महत्त्वाची ठरते. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिलच्या मध्यापासून मृग लागेपर्यंत खोलीचेच तापमान यंत्राच्या तापमानाला जाऊन भिडते, आणि घरगुती यंत्राला तापवता येते पण गार करता येत नाही. त्या काळात उबवणी करूच नये. दिवाळी ते होळी हा काळ सर्वांत चांगला. थंडीत पाणी जास्त घालावे लागते, पण अंडी साठवणे सोपे जाते.

सातव्या रात्रीची तपासणी

सातव्या दिवशी रात्री खोलीत अंधार करून, मोबाइलच्या बॅटरीवर मध्ये छिद्र पाडलेला पुठ्ठा धरून अंड्याचे रुंद टोक त्यावर टेकवावे. गावरान अंड्याचे कवच फिकट असल्याने आतले सारे स्पष्ट दिसते. जिवंत अंड्यात एक गडद ठिपका आणि त्याच्यापासून पसरलेले, कोळ्याच्या जाळ्यासारखे तांबड्या रक्तवाहिन्यांचे जाळे दिसते, आणि ठिपका किंचित हलतानाही दिसतो. निर्बीज अंडे सर्वत्र सारखे उजळ असते व फक्त बलकाची सावली फिरते. आत नुसते लाल कडे दिसले तर गर्भ सुरू होऊन मेलेला आहे. शेवटच्या दोन्ही प्रकारची अंडी काढून टाकावीत, कारण ती कुजून फुटली तर शेजारच्या चांगल्या अंड्यांना जंतू लागतात. शंका असेल ते अंडे खूण करून ठेवावे आणि दहाव्या दिवशी पुन्हा पाहावे. अंडी यंत्राबाहेर दहा-पंधरा मिनिटे राहिली तरी चालते.

यंत्र आणि कोंबडी एकाच दिवशी लावण्याचा पहिला लाभ येथे मिळतो. कोंबडीखालची बारा अंडीही त्याच रात्री तपासावीत. त्यांपैकी तीन निर्बीज निघाली तर त्यांची जागा यंत्रातील तीन जिवंत अंड्यांनी भरावी. वय एकच असल्याने सर्व पिल्ले एकत्र निघतात आणि कोंबडीचे तीन आठवड्यांचे बसणे रिकामे जात नाही.

शेवटचे तीन दिवस

अंडी ज्या वारी संध्याकाळी लावली, त्याच्या तिसऱ्या आठवड्यात त्याच वारी पिल्ले निघणे अपेक्षित असते. लहान गावरान अंडी काही वेळा विसाव्या दिवशीच फुटू लागतात. अठराव्या दिवशी अखेरची तपासणी करून फिरवणे बंद करावे, अंडी आडवी ठेवावीत, खाली खरखरीत कापड किंवा रबरी जाळी अंथरावी (गुळगुळीत प्लास्टिकवर नवजात पिल्लांचे पाय फाकतात), पाण्याचा पृष्ठभाग वाढवावा आणि हवेची छिद्रे पूर्ण उघडावीत. त्यानंतर झाकण उघडू नये. पिल्लाने आतून टोचलेल्या अंड्याभोवतीची ओलसर हवा झाकण उघडताच निघून जाते, आतला पापुद्रा वाळून पिल्लाच्या अंगाला चिकटतो आणि त्याला फिरता येत नाही.

पिल्लू आधी आतल्या आत वायुकोषात चोच घालून श्वास घेते, मग कवचाला एक छोटा खड्डा पाडते आणि त्यानंतर पुष्कळ वेळ काहीच घडत नाही. हा थांबा १२ ते २४ तासांचा असू शकतो. त्या वेळात उरलेला बलक पोटात ओढला जात असतो आणि पापुद्र्यातील रक्तवाहिन्या आटत असतात. उतावीळपणे कवच सोलणे म्हणजे या रक्तवाहिन्या फोडणे होय. खड्डा पडून २४ तास उलटले, पिल्लू आवाज देत आहे आणि पापुद्रा पिवळसर वाळला आहे, तरच कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने पापुद्रा ओला करून कवचाचा रुंद टोकाकडील थोडा भाग काढावा. रक्ताचा टिपूस दिसताच थांबावे. निमुळत्या टोकाकडे खड्डा पडलेले पिल्लू उलटे असते. त्याच्याकडे लक्ष ठेवावे, कारण अशी पिल्ले बहुधा स्वतः बाहेर येऊ शकत नाहीत.

बाहेर आलेले पिल्लू ओले, दमलेले आणि वेडेवाकडे पडलेले असते. ते पूर्ण वाळून पिसे फुलेपर्यंत यंत्रातच राहू द्यावे. पोटातील बलकावर ते दोन ते तीन दिवस काही न खाता राहू शकते, त्यामुळे इतर पिल्ले निघण्यासाठी थांबल्याने त्याची उपासमार होत नाही.

कोंबडीखालच्या अंड्यांना या काळात हात लावण्याची गरज नसते. तिच्या शरीराचा ओलावा आणि पिल्लांच्या आवाजाला दिलेली तिची साद पुरेशी असते. मात्र बहुतेक पिल्ले निघाली की ती त्यांना घेऊन घरटे सोडू लागते आणि मागे राहिलेली एक-दोन टोचलेली अंडी गारठतात. ती लगेच यंत्रात ठेवावीत. एरवी वाया गेली असती अशी पिल्ले यामुळे वाचतात.

पिल्ले कोंबडीला देणे

यंत्रातील पिल्ले कोंबडीखाली सोडण्याची योग्य वेळ म्हणजे तिची स्वतःची पहिली पिल्ले निघाल्यानंतरची रात्र. कोंबडीला तेव्हा आपले-परके कळत नाही आणि पिल्लेही एक-दोन दिवसांचीच असल्यामुळे उबेखाली लगेच शिरतात. अंधारात, बॅटरी न पेटवता, एकेक पिल्लू मागील बाजूने पंखाखाली सरकवावे. थंडीत एका कोंबडीकडे पंधरापर्यंत पिल्ले द्यावीत. उबदार हवेत ती वीसही सांभाळते, कारण तेव्हा सर्वांनी एकाच वेळी पंखाखाली शिरण्याची गरज नसते. पहाटे उजाडण्यापूर्वी तेथे हजर राहून पाहावे. कोंबडी शांतपणे कुरकुरत असेल तर काम झाले, पण एखाद्या पिल्लाला रोखून टोचू लागली तर ते लगेच बाजूला घ्यावे. चार दिवसांपेक्षा मोठी पिल्ले सहसा स्वीकारली जात नाहीत.

जी पिल्ले उरतील त्यांच्यासाठी पुठ्ठ्याच्या किंवा पत्र्याच्या गोल कड्यात तुसाचे अंथरूण करून वर बल्ब टांगावा. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पातळीला ३५ अंश ऊब असावी आणि दर आठवड्याला ती सुमारे तीन अंशांनी कमी करावी. बल्बखाली गर्दी म्हणजे थंडी, कडेला पळून चोच उघडी म्हणजे उष्णता जास्त. सर्वत्र पांगून टिपत असतील तर ऊब योग्य आहे. पाण्याच्या उथळ भांड्यात स्वच्छ खडे टाकावेत म्हणजे पिल्ले बुडत नाहीत, आणि प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवून त्याला पाणी दाखवावे. खाण्यास पिल्लांचे स्टार्टर खाद्य उत्तम. तांदळाची कणी व मक्याचा बारीक भरडा ही त्याला जोड आहे, त्याची जागा नव्हे. कोंबडीबरोबरच्या पिल्लांनाही पहिला महिना हेच खाद्य मिळावे आणि घारीपासून संरक्षणासाठी निदान पहिले तीन आठवडे जाळीखालचे अंगण असावे.

मानमोडी म्हणजेच राणीखेत रोगाने एका आठवड्यात सारा कळप जाऊ शकतो. पहिल्या आठवड्यात, साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी, लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत द्यावा आणि पुढील लसींचे वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून लिहून घ्यावे. लसीची बाटली शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची असते व उघडल्यावर ती काही तासांतच संपवावी लागते, म्हणून गल्लीतील कोंबड्या पाळणाऱ्यांनी दिवस ठरवून एकत्र लसीकरण करणे सोयीचे पडते. लस बर्फासह आणावी आणि उन्हात क्षणभरही ठेवू नये.

पिल्ले बाहेर काढल्यावर यंत्रातील कवचे व धूळ त्याच दिवशी काढून, विजेची जोडणी बंद करून, धुता येणारे भाग साबणाच्या पाण्याने व नंतर सौम्य ब्लीचने धुऊन कडक उन्हात वाळवावेत. न फुटलेली अंडी घराबाहेर फोडून पाहावीत आणि गर्भ कोणत्या वयात मेला ते वहीत लिहावे. पहिल्या आठवड्यातील मृत्यू साठवणूक किंवा तापमान यांकडे बोट दाखवतात, तर पूर्ण वाढून मेलेली पिल्ले ओलावा आणि हवा यांकडे. घरात आणखी एखादी कोंबडी खुडूक झाली असेल आणि तिला बसवायचे नसेल, तर तिच्या नाकपुडीत पीस घालणे किंवा तिला पाण्यात बुडवणे असले क्रूर उपाय करू नयेत. तळाला जाळी असलेल्या, अंथरूण नसलेल्या हवेशीर पिंजऱ्यात दाणापाणी देऊन तीन-चार दिवस ठेवले की पोटाखालची ऊब उतरते आणि खुडूकपणा मोडतो.